विरी गेलेलं पीठ

रंगुबाई : हे घे. तुझं पीठ तुझ्याकडंच ठेव.

अश्विनी : आत्या, आधी बसा तरी. काय झालं पिठाला?

रंगुबाई : विरी गेलंय. थापाया घेतलं की कडंनं चिरतंय, तव्यावर टाकूस्तोवर दोन तुकडं. पीठ हाय का रांगोळी हाय?

अश्विनी : परवाच तर दळून दिलं. पीठ जुनं झालं, त्याचा चिकटपणा गेला, की आपण म्हणतो विरी गेलं. दोन दिवसांत कसं जाईल?

रंगुबाई : ते मला इचारतीस? गिरनी तुझी.

अश्विनी : मागच्या खेपेला म्हणालात, पीठ जळकं लागतं. त्याच्या आधी म्हणालात, माझ्या पिठाचे भाकरतुकडे खाऊन तुमची म्हैस पान्हवत नाही.

रंगुबाई : न्हवतीच पान्हवत. म्हैस खोटं बोलती का?

भिमाजी : वहिनी, म्हैस गाभन हाय तुमची. आटली ती. त्यात पिठाचा काय गुन्हा?

रंगुबाई : तुमी मधी बोलू नका भावजी. तुमी गिरनीवर हुता तवा माझी एक तरी तक्रार ऐकली का? संगमनेरची सून आनली, गिरनी तिच्या हातात दिली, न आपून कोपऱ्यात खुर्ची टाकून बसला.

भिमाजी : ऐकली की. दर आठवड्याला ऐकली. खुर्चीवर बसल्यापासून जरा कमी ऐकू येतं, तेवढंच सुख.

रंगुबाई : हसा. मी आख्ख्या गल्लीला सांगनार हाय. भिमाजीच्या सुनेला दळता येत न्हाई, डबं केडगाव वेशीच्या नव्या गिरनीत न्या म्हनून.

अश्विनी : सांगा बापडं. पण आधी चिमटीत धरून बघा. हे बघा, बोटाला कसं लागतंय. मऊ आहे. वास बघा. जळका येतोय का?

रंगुबाई : वासाचं कोन बोलतंय? भाकरी चिरती, त्याचं बोल.

भिमाजी : अश्विनी, हिकडं ये जरा. हळू बोलतो. गल्ली हिच्या मागनं चालती, ठाऊक हाय ना तुला? तो केकवाला काल परत आला हुता, दुकानाला हा गाळा मागत. पाडव्याला सांगतो म्हनलंय. गिऱ्हाईक तुटलं तर गिरनी उचलायची, हे आपलं बोलनं झालंय.

अश्विनी : झालंय मामा. विसरले नाही मी. मला नाही उचलायची गिरणी.

भिमाजी : मग हिला गप कर. दगडाला मी सोता छिन्नीनं ठोकून टाकी लावलीय संक्रांतीत. माझ्या टाकीला नाव ठेवनारा अजून जन्माला यायचाय.

रंगुबाई : आलाय. हितं उभा हाय. मला समदं ऐकू येतंय भावजी.

अश्विनी : आत्या, असं करू. मागं आमच्या घरातच चला. गॅस आहे, तवा आहे. ह्याच पिठाची भाकरी करून बघू. चिरली तर मी तुमचा डबा पुन्हा दळते, आणि मामा गल्लीत येऊन सगळ्यांसमोर माफी मागतील.

भिमाजी : मी का?

अश्विनी : टाकी तुमची ना?

रंगुबाई : कर की मग. तूच कर. माझी काय परीक्षा घ्यायचीय?

अश्विनी : करते. मामा, तुम्हीही या. तुमच्या सकाळच्या न्याहारीचंच होऊन जाईल. आत्या, तुम्ही पाटावर बसा. पाणी गारच घेते, तुम्ही शिकवता तसं.

रंगुबाई : ताज्या पिठाला गारच पानी. उकळतं पानी घालायचं ते विरी गेलेल्या पिठाला. न्हाईतर ज्या बाईला मळायचा कटाळा येतो, तिनं. ह्या गल्लीत जेवढ्या सुना आल्या, त्यांचं पयलं पीठ माझ्यापुढं मळलंय. भावजी, तुमची बायकू बनूसुदिक.

भिमाजी : व्हय. बनू लई रडली हुती त्या दिशी. घरी येऊन म्हनली, रंगूअक्कानं हातावर उलथनं मारलं.

रंगुबाई : मारलं. नंतर गल्लीत तिच्यासारखी भाकरी कोनाची हुती का सांगा?

भिमाजी : न्हवती. ते खरं हाय.

अश्विनी : घ्या. टाकली तव्यावर. चिरली का?

रंगुबाई : …न्हाई.

भिमाजी : फुगलीबी बघा. टम्म.

रंगुबाई : तुमचं पानी येगळं. आमच्या बोरचं पानी जड हाय.

अश्विनी : असेल. मग आता एक तुम्ही थापा. उरलेलं पीठ घ्या, पाणीही आमचंच घ्या.

रंगुबाई : मला घरी कामं हायेत.

भिमाजी : आता गं. तक्रार करायला येळ हाय, भाकरीला न्हाई?

रंगुबाई : आन हिकडं परात. बघत बसू नका दोघं.

अश्विनी : आत्या… डाव्या हातानं मळताय?

रंगुबाई : व्हय. मग? पीठ काय हात बघून चिकटतं?

अश्विनी : उजव्या मनगटाला दिवाळीत प्लास्टर होतं ना तुमच्या?

रंगुबाई : ते कवाच निघालं. डाक्टर म्हनला, बरं झालं.

अश्विनी : दुखतं का अजून?

रंगुबाई : दुखत न्हाई. जोर देता येत न्हाई नुसता. गोळा दाबाया जाते तर मनगट मधीच सोडून देतं. …बघ. चिरली. बघितलंस? म्हनलं हुतं मी.

अश्विनी : हं.

रंगुबाई : नुसतं हं काय करतीस? चिरली ना? पीठच खराब.

अश्विनी : घरी तुमचे रामहरीनाना काय म्हणतात? त्यांना तर तुमच्याच हातची लागते.

रंगुबाई : ते काय म्हननार. त्यांचे दात दुखत्यात. दिवाळीपासनं बघ. ताटावर बसले की आधी भाकरी दुधात कुस्करून घेत्यात. माझं वाढून हुतंय न हुतंय, तवर हितं काला झालेला असतो.

भिमाजी : रामहरीचे दात? परवा माझ्यासंगं बाहेर कट्ट्यावर बसून ऊस खाल्ला की त्यानं. दातानं सोलून. मी कोयता दिला तर म्हनला, कोयता कशाला.

अश्विनी : मामा.

भिमाजी : काय मामा? खरं तेच सांगतोय.

रंगुबाई : ऊस खाल्ला?

अश्विनी : आत्या…

रंगुबाई : दातानं सोलला?

भिमाजी : …दुसरा कोन तरी असंल. मला आजकाल नीट दिसत न्हाई.

रंगुबाई : ऱ्हाऊ द्या भावजी. म्हंजी मला दिसू नये म्हनून कुस्करत्यात व्हय ते. चिर दिसायच्या आधी. मी आपली दाताला लवंग लावते रोज, न ते बी गुमान लावून घेत्यात.

अश्विनी : तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून करत असतील.

रंगुबाई : ते कळलं मला. आमची सून रोहिणी चांगली भाकरी करती. तिला मी नाव ठेवत न्हाई. ती रोज म्हनती, आई, तुमी उठा, मी करते. उठले की झालं. मग मला त्या घरात नुसतं बसायचं काम. …अश्विनी, तुला एक सांगू का? तुझ्या पिठात खोट निघाली असती तर लई बरं झालं असतं बघ. पिठात न्हाई तर मग कुठं हाय, ते मला ठाऊक हाय.

अश्विनी : आत्या, पिठातच आहे.

भिमाजी : काय?

अश्विनी : मामा, तुम्ही गप बसा. आत्या, मघाशी मी बोलले नाही, म्हटलं गिऱ्हाईक तुटेल. संक्रांतीत दगडाला नवी टाकी लावलीय ना, तेव्हापासून पीठ जरा रवाळ पडतंय. बोटाला कळत नाही, मळताना कळतं. रवाळ पीठ गार पाण्यात धरत नाही. माझी तरणी मनगटं आहेत, मी रेटून नेते. पण ह्या पिठाला उकळतं पाणीच लागतं. आधी पाणी उकळायचं, पीठ त्यात कालवायचं, जरा झाकून ठेवायचं. मग मळायला जोर लागत नाही.

भिमाजी : अगं ए…

रंगुबाई : रवाळ पडतंय?

अश्विनी : पडतंय.

रंगुबाई : भावजी, तुमची टाकी चुकली?

अश्विनी : मामा, सांगा ना.

भिमाजी : चुकली असंल. वय झालं. डोळं ऱ्हायलं न्हाईत.

रंगुबाई : बघ. मी म्हनत हुते. दिवाळीपासनं… न्हाई, संक्रांतीपासनं म्हनत हुते. कोन ऐकतंय? आधी का न्हाई बोललीस गं भवाने? जीव खाल्ला माझा. आन ते पातेलं, ठेव पानी. उकळू दे.

अश्विनी : ठेवते. चटका बसेल, कालवायला उलथणं घ्या.

रंगुबाई : मला शिकवू नको. …घे. थापली. बघ, कडंनं एक चीर दिसती का?

अश्विनी : एकही नाही.

रंगुबाई : भावजी, ही तुमच्या ताटात. खावा न पुढच्या बारीला टाकी लावताना चष्मा लावा.

(तिसऱ्या दिवशी सकाळी. गिरणीचं शटर अर्धंच उघडलेलं.)

भिमाजी : ऐकलंस का? देवीच्या देवळापाशी बायका बोलत हुत्या. अश्विनीच्या गिरनीचं पीठ रवाळ, त्याला उकळतं पानी लागतं. झालं. गावभर झालं. जलमभर ह्या दगडाला कोनी बोट लावलं न्हवतं.

अश्विनी : मग मी काय सांगायला हवं होतं मामा? आत्या, तुमचा हात गेला?

भिमाजी : तसं न्हवं म्हनत मी.

अश्विनी : दोघांपैकी एकाचं नाव जाणारच होतं. दगडाला काय वाईट वाटायचंय?

भिमाजी : मला वाटतंय ना.

अश्विनी : तुम्हाला माहितीय तुमची टाकी कशी आहे. मलाही माहितीय. आत्यांना दुसरं काही नव्हतं धरायला.

भिमाजी : व्हय. …बनू गेली तवा तेरा दिस ह्या घरात रंगूवहिनीच्या भाकऱ्या येत हुत्या. मी जेवत न्हवतो. ही कडी वाजवायची न म्हनायची, भावजी, भाकरी गार झाली तर मी परत करीन. उद्या पन करीन. कटाळून जेवलो. …केकवाल्याला काय सांगायचं, तेवढं बोल.

अश्विनी : पाडव्याला अजून वेळ आहे. आज गिऱ्हाईक येतंय का बघू.

रंगुबाई : शटर पुरतं उचला की. मानसांनी काय रांगत यायचं का आत?

अश्विनी : या आत्या. आज कसली तक्रार?

रंगुबाई : माझ्या डब्याचं झाकन बदललंय. हे झाकन माझं न्हवं, माझ्या झाकनावर पोचा हुता.

अश्विनी : तो पोचा मी ठोकून सरळ केला.

रंगुबाई : तुला कोनी सांगितलं? आता मी डबा वळखायचा कसा?

भिमाजी : वहिनी, ते बाहेर डबं कोनाचे? रांगच लागलीय.

रंगुबाई : गल्लीतल्या बायकांचे. माझ्या मागनं आल्यात.

भिमाजी : पीठ रवाळ पडतं म्हनून तुमीच सांगत फिरला ना?

रंगुबाई : सांगितलं. पन पुढचंबी सांगितलं की. म्हनलं, इतक्या गिरन्या बघितल्या, माझ्या पिठात खोट हाय म्हननारी ही पयलीच. जी दोष झाकत न्हाई ती दुसऱ्याच्या डब्यातलं मूठभर तरी ठेवून घेईल का? बाया म्हनल्या, खरं हाय. उचलले डबे न निघाल्या.

अश्विनी : आत्या…

रंगुबाई : आत्या आत्या करू नको, लाईट हाय तवर दळायला घे. आधी जवारी, मग बाजरी. उलटं केलंस तर माझी भाकरी काळी पडंल न मी परत येईन.

भिमाजी : मी म्हनत हुतो, आज दगड उचलून टाकी नीट करतो. म्हंजी पीठ बारीक पडंल पयल्यावानी.

रंगुबाई : हात लावायचा न्हाई.

भिमाजी : आता रवाळ हाय ना पन?

रंगुबाई : असू दे. दगड हाय तसाच ऱ्हाऊ द्या भावजी. लई चांगला दगड हाय तुमचा. मी काय पीठ चिमटीत धरून बघत न्हाई व्हय?

भिमाजी : …बघता.

रंगुबाई : मग झालं तर.

भिमाजी : अश्विनी, त्या केकवाल्याला फोन लाव. म्हनावं, दुसरा गाळा बघ.

अश्विनी : लावते मामा. आत्या, आणि रामहरीनानांचे दात?

रंगुबाई : काल रातच्याला मी भाकरी वाढली, दूध दिलंच न्हाई. आख्खी भाकरी त्यांनी हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली, न ठेच्यासंगं कोरडीच खाल्ली. मग म्हनले, आज दात दुखत न्हाईत.

अश्विनी : तुम्ही काय म्हणालात?

रंगुबाई : काय म्हननार? म्हनलं, बरं झालं. अजून एक वाढू का?