गोविंदाच्या वहीतली परतूरवाली

पिंपळगावचे, अंबडचे, परतूरहून पहिल्या गाडीनं आलेले माझे भाऊ, बहिणी, पोरीबाळी, सगळ्यांना नमस्कार.

रेणुकाईच्या या मंडपात मी आरती म्हटली, भजनं म्हटली. पण तेव्हा आजूबाजूला दहा बायका असतात. एकीचा सूर चुकला तर दुसरी सांभाळून घेते. आज एकटीनं बोलायचं आहे. दहावीच्या निरोप समारंभात माईकसमोर उभी राहिले होते, त्यानंतर आजच. जरा सांभाळून घ्या.

येताना दोघं-तिघं हसून म्हणाले, "काकू, घोड्याची पण शोकसभा असते का?" असते की. आपला गोविंद गेला त्याला आज आठ दिवस झाले. चोवीस वर्षांचा होऊन गेला. भिजवलेला हरभरा खाल्ला, गुळाचा खडा खाल्ला, सकाळच्या उन्हात आडवा झाला आणि गेला. असं मरण माणसाला मिळालं असतं तर आपण त्याला पुण्यवान म्हटलं असतं. मग घोड्याला का म्हणू नये?

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. पोटात ठेवून मला पुढचं बोलता येणार नाही. मी आज इथं एक सोयरीक मोडायला उभी आहे.

अंबादास भाऊजींचा वजीर, म्हणजे आपल्या गोविंदाचा थोरला मुलगा, आणि परतूरच्या साळवे सरांची घोडी. होळीनंतर दोघांना एकत्र आणायचं ठरलंय. दसऱ्याला पेढे वाटून झालेत. जुळवलं कोणी? मीच. आणि मोडतेय कोण? मीच. भाऊजी, उठू नका. सर, तुम्हीही बसा. का मोडतेय ते सांगते. पण त्यासाठी गोविंद कोण होता हे सगळ्यांना कळलं पाहिजे.

आमचे हे पुण्याच्या रेसकोर्सवर बावीस वर्षं मोतद्दार होते. घोड्यांना खरारा करायचा, चारापाणी द्यायचं, सकाळी फिरवून आणायचं. मी मुलांना घेऊन इथं. शर्यतीवर पैसे लावणं मला तेव्हाही पटत नव्हतं, आजही बिलकुल पटत नाही. लग्न झालं तेव्हाच मी यांना सांगितलं होतं, तुमचा पगार घरात येईल, जिंकलेला रुपया येणार नाही. यांनी तो शब्द पाळला. पण पळणाऱ्याचा त्यात काय दोष? तो बिचारा कोणासाठी पळतो? त्याला पळायला आवडतं म्हणून पळतो.

गोविंदाचं कागदावरचं नाव होतं गोल्डन ओथ. ते माझ्या जिभेवर कधी बसलं नाही. थरोब्रेड जातीचा, उंच, तांबडा, कपाळावर पांढरा टिळा. सतरा वेळा पळाला, पाच वेळा पहिला आला. त्यातली एक शर्यत हे इतक्यांदा सांगतात की मी न पाहता पाहिल्यासारखी सांगू शकते. पावसाळ्याचे दिवस, मैदानात चिखल. गोविंद सगळ्यात मागं. पुढच्या घोड्यांचा चिखल उडून वरच्या स्वाराचा चष्मा भरला, त्यानं तो काढून टाकला आणि लगाम सैल सोडला. म्हणजे हार मानली. हे कठड्याला धरून उभे. शेजारचा मोतद्दार म्हणाला, "भास्कर, चल, पाण्याची बादली भरून ठेव." हे म्हणाले, "थांब. त्याचे कान बघ." गोविंदाचे कान पुढं झाले होते. शेवटच्या वळणावर तो बाहेरच्या बाजूनं निघाला. एकेक घोडा मागं टाकत निघाला. आणि जिंकला! हे सांगतात, त्या दिवशी बादली भरलीच नाही, माझ्या डोळ्यांतच पाणी मायना. मी म्हणते, त्या पाण्यानं घोड्याची तहान भागली का?

बघा, हसले. आठ दिवसांनी हसले आमचे हे.

पुढं गोविंदाच्या पुढच्या पायाची शीर दुखावली. मालकांनी यांना बोलावलं आणि म्हणाले, "तू आता गावी चाललास. याला घेऊन जा. फक्त टांग्याला जुंपू नको." आणि अठरा वर्षांपूर्वी ट्रकमधून एवढं मोठं जनावर माझ्या अंगणात उतरलं. मी यांना विचारलं, "आपल्याला दोन म्हशींचा खर्चा जड, याला काय खाऊ घालणार?" हे म्हणाले, "लग्नाच्या वराती करू." मला बराबर वाटलं. गर्दीची सवय आहे, बँडला भिणार नाही.

बँडला तो भ्यालाच नाही. पहिली वरात कोणाची होती, सांगू का? भाऊजी, आता मान खाली घालू नका. या अंबादास भाऊजींची! लग्न शाळेच्या मैदानात. वरात नाचत नाचत आली आणि कोणीतरी शाळेचं लोखंडी गेट उघडलं. धाडकन. रेसकोर्सवर घोडे फाटकामागं उभे करतात, फाटक धाडकन उघडलं की पळायचं. एवढंच त्या मुक्या जीवाला माहीत. भाऊजी बाशिंगासकट उडाले. मुंडावळ्या पाठीवर, हातात आयाळ, तोंडात "आई रेणुके". मांडवाला उजव्या अंगानं एक पूर्ण फेरी मारली, कारण पुण्याचं वळण उजवं. आणि मग जिंकल्यावर उभं राहतात तसा गोविंद बरोबर मांडवाच्या दारात येऊन उभा राहिला. नवरीच्या आईला वाटलं, पिंपळगावची रीतच असेल. तिनं ताट आणून ओवाळलं. बँड पंधरा मिनिटांनी पोचला. नवरी मैत्रिणींना म्हणाली, "एवढी घाई झाली व्हय यांना?"

त्यानंतर वरातीला कोणी बोलावलं नाही. पण आठच दिवसांत भाऊजी नवी नवरी घेऊन आमच्याकडं आले आणि यांना म्हणाले, "दादा, आयुष्यात असं कधी बसलो न्हवतो. मला या घोड्याचं पोरगं पाहिजे." त्यांनी घोडी घेतली, आणि गोविंदाचा वंश सुरू झाला. पुढं त्याच घोडीला वजीर झाला.

मग गावोगावचे लोक घोड्या घेऊन यायला लागले. आम्ही पैसे घेतले नाहीत. देवानं दिलेल्या जीवाचं मोल कसं करायचं? येताना पायलीभर हरभरा आणायचा, तो गोविंदाच्या तोबऱ्यात. आणि शिंगरू सव्वा महिन्याचं झालं की रेणुकाईच्या पायरीशी आणून दाखवायचं. एवढीच अट. अशी एकेचाळीस शिंगरं या पायरीला लागून गेली. कोणी लग्नात नाचतं, कोणी शेतावर मालकाला घेऊन जातं. लांबच लांब पाय, तांबडा रंग, आणि सगळ्यांना एक खोड. पाणी प्यायच्या आधी नाकपुड्या पाण्यात बुडवून फुर्रर्र करून बुडबुडे काढायचे, मग प्यायचं. गोविंद असंच करायचा. ज्यांच्या दावणीला त्याचं लेकरू आहे, त्यांना मी काय म्हणते ते कळलंय. बघा, माना हलल्या!

आता वहीचं. दुधाची आणि किराण्याची वही मी पहिल्यापासून लिहिते. घोड्यांसाठी वेगळी केली. जनावरांचे डॉक्टर बजावून गेले होते, या घोड्याची लेक परत या घोड्याकडं आणू नका, भावा-बहिणींची गाठ घालू नका, पुढची पिढी लंगडी-कमजोर निघते. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, हे आम्हाला नका शिकवू, आमच्यात कुळी बघितल्याशिवाय सुपारी फुटत नाही. वहीत गोविंदाची लेक असेल तर तिच्या नावापुढं मी कुंकवाचं बोट लावायचे. कुंकू दिसलं की माझा नकार. साळवे सर मला चिडवायचे, "काकू, घोड्यांना कुठली कुळी? त्यांची पत्रिका पण बघता का?" मी म्हणायचे, "सर, तुम्ही शाळेत पोरांची हजेरी घेता ना? तशी ही माझी हजेरी."

पण मी नावं कशी लिहायचे? आपण सुनांना हाक मारतो तशी. अंबडची म्हणून अंबडवाली. परतूरची म्हणून परतूरवाली. गावात कोणाची सून कुठली, हे आपल्याला पाठ असतं, म्हणून त्यात मला काही चुकीचं वाटलं नाही. घोडी बाजारात विकली की तिचं गाव बदलतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. अहो, सून कुठं गाव बदलते?

दोन वर्षांपूर्वी साळवे सर त्यांची घोडी घेऊन आले. परतूरच्या एका व्यापाऱ्याकडून घेतलेली. मी लिहिलं, परतूरवाली. कुंकू लावलं नाही. तिचं माहेर विचारलं नाही. तोवर गोविंदाची कंबर गेली होती, डॉक्टर म्हणाले आता याला घोडी दाखवू नका. सर खट्टू झाले. त्यांच्या लेकीला, प्रज्ञाला, घोड्यावर बसायचा भारी नाद, तिला गोविंदाच्या रक्ताचं शिंगरू स्वतःच्या हातानं वाढवायचंय. मग मीच म्हटलं, बाप नाही तर पोरगा आहे. पोरीच्या बारावीची परीक्षा होऊ द्या, मग वजिराचं बघू. आणि जुळवून दिलं.

गोविंद गेल्यावर चौथ्या दिवशी सर घोडीवर बसूनच भेटायला आले. बसले, बोलले. घोडीला मी हौदावर नेलं. तिनं नाकपुड्या पाण्यात बुडवल्या. आणि फुर्रर्र!

सर गेल्यावर संध्याकाळी वही काढली. एका पानावर लिहिलेलं, अंबडवालीची लेक, कुंकवाचं बोट, मागच्या डाव्या पायाला पांढरा मोजा, खांद्याला बाभळीच्या काट्याचा व्रण. अंबडला फोन लावला. ते म्हणाले, "काकू, ती तर तीन वर्षांची असताना परतूरच्या बाजारात विकली की आम्ही." सरांच्या घोडीच्या पायाला पांढरा मोजा आहे. खांद्याला व्रण आहे. म्हणजे ती वजिराची सख्खी नसली तरी बापाकडून बहीण आहे.

मंडळी, मी चार दिवस गप्प बसले. खोटं बोलले नाही, पण गप्प बसले. का? मला भीती वाटली. एक ओळ चुकली म्हटल्यावर लोक म्हणतील, बाईची सगळी वहीच खोटी. मग उद्या कोण विचारणार वहीला? ज्याला जे जवळ दिसेल ते तो जुळवील, आणि दहा वर्षांत गोविंदाचं रक्त त्याच्याच लेकरांत नासून जाईल. वहीची अब्रू वाचवायची की घोड्याचा वंश? देवासमोर दिवा लावताना रोज हेच डोक्यात. काल मी यांना सांगितलं. हे एवढंच म्हणाले, "तू सांगितलंस तर वही खरी राहील." म्हणून उभी आहे. सर, अंबादास भाऊजी, चूक माझी आहे. घोडीची नाही, तुमची नाही. ही सोयरीक होऊ शकत नाही. मला माफ करा.

काय म्हणता भाऊजी? मोठ्यानं बोला, मागं ऐकू जात नाही.

ऐकलंत का? भाऊजी म्हणतात, "पेढे तर समद्यांनी खाल्ले, आता परत कसे मागू?" मागू नका. सोयरीक मोडली तरी नातं निघालंच की! वजीर भाऊ झाला, ती बहीण झाली. दिवाळी तोंडावर आहे. भावाकडून भाऊबीज गेली पाहिजे. आता बायकांच्या बाजूनं आवाज येतोय बघा, आपल्या वहिनीसाहेब म्हणतात, "तोंडावर बांधायची गोंड्याची मोहरकी आणि पायलीभर हरभरा आमच्याकडून!" लिहून घेते मी.

आणि सर? सर उभे राहिलेत. ... बरं. बरं. सर म्हणतात, "प्रज्ञाला शिंगरू पाहिजे होतं गोविंदाच्या रक्ताचं. ते तर दोन वर्षांपासून तिच्या दावणीलाच आहे. आम्ही बाहेर शोधून राह्यलो." आणि म्हणतात, "काकू, कुंकू आणलंय ना? माझ्यासमोर लावा."

लावते. ही वही. हे पान. परतूरवाली नाही, अंबडवालीची लेक, सासर परतूर. हे बोट लावलं. बघा सर. प्रज्ञा, तूही बघ गं, पुढं ये. तुझ्या घोडीसाठी वेगळ्या रक्ताचा चांगला घोडा आपण सगळे मिळून शोधू. होणारं शिंगरू गोविंदाचं नातवंडच असेल.

आता शेवटचं. माझ्याकडून एक ओळ चुकली, तशा आणखी असतील. म्हणून ज्याच्या दावणीला गोविंदाचं लेकरू किंवा नातवंड आहे, त्यानं जेवायला बसायच्या आधी माझ्याकडं यायचं. जनावर कोणाकडून घेतलं, कोणाला दिलं, आई कुठली, सगळं सांगायचं. माझं लिहिलेलं तुम्ही वाचायचं, चुकलं असेल तर तोंडावर सांगायचं. मला राग येणार नाही.

त्याआधी उभे राहू या. फोन बंद करा. दोन मिनिटं आपण सगळे गप्प राहू आणि मनातल्या मनात त्याला नमस्कार करू. बाहेर चिंचेखाली त्याची लेकरं बांधलीत, ती खिंकाळली तर खिंकाळू द्या. कोणी त्यांना गप्प करायला जाऊ नका.