चाळिसाव्याचा फोटो

(सेव्हलिएवो गाव. बाजाराच्या रस्त्यावरचं जुन्या-नव्या कॅमेऱ्यांचं दुकान. दुकानदार ईस्क्रा, आणि खेड्यातून बसनं आलेलं म्हातारं जोडपं, स्टाना आणि मिंको.)

ईस्क्रा : नाहीतर हा घ्या, मावशी. ह्याला समोर हसरा चेहरा दिसला की आपोआप फोटो निघतो.

स्टाना : आणि नाही हसलं तर?

ईस्क्रा : मग थांबतो तो. हसेपर्यंत.

स्टाना : ऐकलंस, मिंको? हे डबडं माझ्या हसण्याची वाट बघत बसणार!

मिंको : मग तुझा फोटो काही निघत नाही.

स्टाना : तू गप. पोरी, हे परत ठेव. मी चाळीस वर्षं ह्या माणसासाठी हसले नाही, तुझ्या यंत्रासाठी हसू?

ईस्क्रा : मावशी, ते बंद करता येतं.

स्टाना : बंद केलेलं आपोआप चालू होतं. आमच्या गालिनच्या फोनवर बघून झालंय माझं. साधा कॅमेरा दाखव. जे समोर आहे ते काढणारा. आपली अक्कल न चालवणारा.

ईस्क्रा : मग हा चंदेरी बघा. वापरलेला आहे, पण झकास. दोनशे वीस लेव्ह.

मिंको : दोनशे वीस? वापरलेल्याला?

ईस्क्रा : आजोबा, वर्षापूर्वी हेच मी पन्नासला देत होते. आता कॉलेजच्या मुली येतात नि उचलून नेतात. जुन्या कॅमेऱ्यातले फोटो जरा धुरकट येतात ना, त्यांना तसेच आवडतात.

स्टाना : वा! धडधाकट पोरींना धुरकट व्हायचंय, आणि मेलेल्या माणसाला गुळगुळीत करून खांबावर चिकटवतात! जग उलटंच चाललंय सगळं.

ईस्क्रा : मेलेल्या माणसाला?

स्टाना : तुझ्या दारावर बाहेर दुखवट्याचा कागद आहे की नाही? महिना झाला असेल लावून.

ईस्क्रा : आहे ना. गालिन नावाचे कुणी आले होते, लावू का म्हणून विचारलं. ती बाई तुमच्या नात्यातली?

स्टाना : सख्खी बहीण. त्सोना. तो गालिन तिचा मुलगा. किती वयाची वाटली तुला फोटोत?

ईस्क्रा : असतील पन्नाशीच्या. मी म्हटलं, बिचारी, लवकर गेली.

स्टाना : सत्त्याहत्तर! ऐक, मिंको, ऐक! सत्त्याहत्तर वर्षांची बाई! गालावर एक सुरकुती ठेवली नाही मेल्यानं. बाहुलीसारखे डोळे, बाहुलीसारखी कातडी. म्हणे, ‘मावशी, मी काही केलं नाही, फोनच करतो ते.’ अरे, फोन करतो तर तुला डोळे नाहीत? स्वतःची आई ओळखता येत नाही?

मिंको : हळू बोल. रस्त्यावर ऐकू जातंय.

स्टाना : जाऊ दे! ऐकायलाच हवं त्यांनी. अर्धं गाव तिच्या हातचं जेवलंय, आणि मातीला माणसं किती आली? आम्ही दोघं, गालिन, पाद्री आणि शेजारची एक बहिरी म्हातारी. मातीला येणाऱ्यांना वाटायला मी मोठं पातेलं भरून गहू शिजवला होता. साखर घातली, वर अक्रोड पेरले. सगळा परत नेला नि कोंबड्यांना घातला. तिच्या नावानं वाटायचा गहू कोंबड्यांनी खाल्ला, पोरी!

ईस्क्रा : पण कागदावर नाव तर होतं ना?

स्टाना : त्सोना पेत्रोव्हा. अशा किती असतील ह्या गावात? जाता जाता नाव कोण वाचतं? माणूस चेहरा बघतो. चेहरा बघितला, म्हणाले, ही कुणी दुसरीच, आणि गेले पुढे भाजी घ्यायला.

मिंको : शनिवारी चाळिसावा दिवस आहे तिचा. नवे कागद लावायचे. तिचा एक खरा फोटो आहे आमच्याकडे, भिंतीवर, काचेत. गालिननं त्याचा फोनवर फोटो काढला.

स्टाना : आणि फोननं तोही सुधारला! फोटोच्या फोटोतल्या बाईला पण सोडलं नाही! म्हणून आले मी. भिंतीवरचा मी स्वतः काढणार, आणि छापून आणणार.

मिंको : आणि ह्या वेळी गहू लहान पातेल्यातच शिजव म्हटलं मी. उगाच वाया जातो.

स्टाना : बघ, ह्याचं हे असं. गाब्रोवोचा माणूस, तिथले सगळेच चिकट, मेलेल्याचा गहूसुद्धा चमच्यानं मोजणार!

ईस्क्रा : मावशी, थांबा. एक आहे माझ्याकडे. काळा, कोपऱ्यात चरा पडलेला, म्हणून पोरी घेत नाहीत. साधे पेन्सिल सेल लागतात. चेहरेबिहरे त्याला काही कळत नाहीत. साठ द्या.

मिंको : सेल आमच्या खेड्यात मिळतात.

स्टाना : आधी काढून दाखव. माझा काढ. फसायचं नाहीये मला पुन्हा.

ईस्क्रा : इथे उजेडात या. तो काळा चष्मा काढा, काचेत दिवा चमकतोय.

स्टाना : डॉक्टरनं महिनाभर काढू नको म्हटलंय. मोतीबिंदू काढलाय.

मिंको : काढ की घटकाभर. डॉक्टर काही इथे नाही.

स्टाना : घे. काढला. हसणार नाही हं मी.

ईस्क्रा : नका हसू. झालं.

स्टाना : दाखव. काय गं? अशी काय बघतेस? बिघडलाय ना? सांगत होते मी!

ईस्क्रा : बिघडला नाही. मावशी, तुमची ही डावी पापणी...

स्टाना : अर्धी मिटलेलीच असते. आईकडून आली. दोघी बहिणींना सारखीच. दाखव इकडे. अगं बाई... मिंको, बघ. ही तर त्सोनाच आहे.

मिंको : हं. तीच.

ईस्क्रा : तुमच्या बहीणबाई शाळेच्या खानावळीत होत्या का?

स्टाना : एकतीस वर्षं. तुला कसं ठाऊक?

ईस्क्रा : आम्ही ताट घेऊन रांगेत उभे असायचो. त्या पळी भरून वाढायच्या, आणि आम्हाला वाटायचं, आपल्याला डोळा मारताहेत. मी घरी जाऊन सांगायचे, आज मावशीनं मला डोळा मारला, मला जास्त वाढलं. पुढे कळलं, प्रत्येकालाच वाटायचं तसं. नाव कुणाला माहीत होतं! आमची ती डोळा मारणारी मावशी.

स्टाना : तिचा डोळाच उघडला गं त्या फोननं. फोटोत.

ईस्क्रा : मी रोज कुलूप उघडताना तो कागद बघत होते. माझ्याच दारावर होता, मावशी. रोज बघत होते, आणि आत येऊन कॉफी करत होते.

स्टाना : तुझी काय चूक? तू नको रडूस. मला राग दुसऱ्यांचा आहे.

ईस्क्रा : शनिवारी किती वाजता?

स्टाना : दहाला. स्मशानात.

ईस्क्रा : माझ्या वर्गातले बरेच जण इथेच आहेत. बेकरीवाला कामेन, नगरपालिकेतली दोघं, बस चालवणारा तो उंच. सगळ्यांना सांगते. कागद आणा, मी लावते बाजारभर. नुसता तो डोळा दिसू दे, येतात की नाही बघा.

मिंको : साठ म्हणालीस ना? हे घे. सेल घालूनच दे.

स्टाना : मिंको.

मिंको : काय?

स्टाना : घरी गेल्यावर माळ्यावरनं मोठं पातेलं काढ.