साठलेलं बोलणं

दुकानामागच्या घरात वाटी पडली, तेव्हा कुठे रिसोडच्या राजपालच्या कॉम्प्युटर दुकानातली शांतता मोडली. मोबाइल दुरुस्तीला टाकून मी लेकाला मांडीवर घेऊन बसले होते. शेजारी किन्हीराजा गावच्या कमलीबाई आणि त्यांची मुकी नात उज्ज्वला. उज्ज्वला लॅपटॉपवर लिहायची अन् लॅपटॉप ते मोठ्यानं वाचायचा.

"परवापासून लॅपटॉपबी मुका झाला, राजपालभाऊ. पोरगी नुसती लिहून राह्यली."

"माय, अपडेटमधी नवा कर्नेल आला, म्हंजे मशीनचा जीव. पन हेडर, म्हंजे त्याचं माप, आलंच नाही. मापाबिगर आवाजाचा ड्रायव्हर, म्हंजे आवाज काढनारा प्रोग्राम, बनत नाही."

"मंग दोन्ही संगंच काहून धाडत नाही?"

"तेच तर! एकाच गठ्ठ्यात बांधाले पायजे. बरं झालं, जुना कर्नेल ठेवला हाय. त्याच्यावर चालू करतो."

लॅपटॉप खरखरला. उज्ज्वलानं बटण दाबलं अन् तिनं परवापासून लिहून ठेवलेलं लॅपटॉप वाचू लागला.

"आजी, खिडकीतल्या बाईले पानी दे. आजी, ते अजून उभी हाय. आजी, तुले आयकू येत नाही काय?"

"कोनती बाई वं, माय?"

उज्ज्वलाची इवली बोटं पुन्हा चालली.

"इथं आली. दारात हाय."

राजपालनं दाराकडं पाहिलं. मीही पाहिलं. दारात फक्त ऊन होतं.

लेकानं माझा पदर घट्ट धरला.

"आई, ते बाई काहून रडून राह्यली?"