पेद्रूमास्तरांची दुर्बीण आणि माझा शनी

मंडळी, मास्तरांवर बोलायला मला उभं केलंत, ही तुमची चूक. मी केळीच्या वाडीत राबणारा माणूस. भाषण मला जमत नाही. त्यात मी मास्तरांवर अजून रागावलेलो आहे. माणूस गेला म्हणून राग लगेच कुठे जातो?

रोजाबाई, तुम्ही त्यांच्या पत्नी, समोर बसलात, म्हणून जपून बोलतो. पण खरं तेच बोलतो.

आम्ही वाडीवाले पहाटे शुक्र उगवला की गाडी जुंपतो नि केळी स्टेशनावर नेतो. एकदा पूर्वेला टपोरा तारा बघितला नि मी घर उठवलं. गाडीवान म्हणाला, "नाना, कोंबडा नाय आरडला अजून." मी त्याच्यावरच खेकसलो. स्टेशनावर चिटपाखरू नाही! तीन तास घडांशेजारी बसून डास मारले. हे मास्तरांना कळलं. तर हे गृहस्थ भर बाजारात म्हणतात, "अहो नाना, तो गुरू! शुक्र सूर्याला सोडून इतका लांब जात नाही." सगळा बाजार हसला.

पुढे त्यांनी मुंबईहून जुनी पितळी दुर्बीण आणली. शनीचं कडं दिसतं म्हणे. संध्याकाळी त्यांच्या अंगणात ही रांग! आणि नियम काय? आधी नुसत्या डोळ्यांनी ग्रह ओळखायचा, बोट दाखवायचं, मगच दुर्बिणीला डोळा लावायचा. मी म्हटलं, "मास्तर, डोळ्यांनीच बघायचं तर ही आणलीत कशाला?" तर म्हणे, "दुर्बीण एकच आहे, नाना. डोळे सगळ्यांना आहेत." आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

या उन्हाळ्यात शनी चित्रा नक्षत्राच्या ताऱ्याशेजारी. माझं बोट दरवेळी चित्रेवर. "ती लुकलुकतेय, नाना. ग्रह लुकलुकत नाही. पुन्हा बघा." माझी सून कडं बघून आली. पाद्रीबाबा बघून गेले. मी आपला पुन्हा बघतोय! अहो, साठी उलटली माझी. एकदा बघू दिलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं?

गेल्या रविवारी माझं डोकं फिरलं. "तुमची दुर्बीण तुम्हालाच लखलाभ," म्हणालो नि तरातरा निघालो. त्यांनी मागून हाक मारली. मी वळलो नाही. दोनदा मारली, मंडळी. मी वळलो नाही. गुरुवारी मास्तर गेले.

काल संध्याकाळी रोजाबाईंनी मला बोलावलं. अंगणात दुर्बीण मांडली होती. म्हणाल्या, "बघून घ्या नाना. आता अडवायला कोण आहे?"

माझा हात पुढे होईना. इतकी चीड आली, स्वतःचीच! मी आधी वर बघितलं. बराच वेळ बघितलं. एक चांदणी लुकलुकत होती. शेजारची पिवळसर, अगदी स्थिर. मी बोट दाखवलं नि मोठ्यांदा म्हणालो, "मास्तर, हा शनी."

मग डोळा लावला. कडं होतं. एवढंसं, पण स्वच्छ होतं. मला नीट बघताच आलं नाही, डोळे भरून आले.

आता ती बत्ती मालवा कुणीतरी. सगळे अंगणात या, आणि दोन मिनिटं कुणी काही बोलू नका. बोलायचं ते मी आधीच बोलून घेतो.

नमस्कार, मास्तर. माझं चुकलं.