चर्चबाहेरची गाडी

कानाच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी एक आजी-आजोबा नंबराची वाट बघत बसले होते.

"अहो, घरात माझं पुटपुटणंसुद्धा ऐकू येतं तुम्हाला. मग कमी येतं तरी कुठे?"

"चर्चबाहेर, गाडीत. या रविवारी मिस्साची गाणी ऐकूच आली नाहीत."

"मग आत या ना! दोन वर्षं झाली बाहेर बसून."

"अंगचटीला येतो म्हणून चर्चमधल्या मुलांनी त्या फादरची तक्रार केली, तर बिशपनं त्याला गुपचूप दुसरीकडे धाडलं. आधी बिशपला चूक कबूल करू दे."

"करायलाच हवी."

"मग तू कशी जातेस?"

"चर्च काय बिशपच्या बापाचं आहे? चला, उठा. कान शाबूत आहेत तुमचे. या रविवारी मला खिडकीपाशी जागा मिळाली नाही, मग गाडीच्या बाजूची ती खिडकी उघडणार कोण?"