मामाची मांडी

जावळ काढताना आपल्याच भावाची मांडी लागली, तर निदान घटकाभर आपण पोराची आई ठरू, असा बनुबाईचा हिशेब होता. पोटचं पोर तिनं मोठ्या जावेला, गोजरबाईला, दत्तक दिलं होतं. दोघी तिसगावच्या स्टँडवर एष्टीची वाट बघत बसल्या होत्या.

“बाई, जावळाला माजा भाऊ येतो म्हनलाय.”

“कशापायी? माजा भाऊ हाय की.”

“तुमच्या भावानं अजून बाळाचं तोंडबी बघितलं न्हाई.”

“तरी मामा त्योच, बने. पोर आता माजं हाय न्हवं?”

“व्हय, तुमचंच.”

“पर हात हलवीत येईल मेला. अंगडं-टोपडं मामाचं लागतं.”

“मी शिवून आनलंय. त्याच्या नावानं घाला.”

“आन् तुज्या नावानं काय?”

“मला काकू म्हनंल की.”