गडबला तापणारी गाडी

अरे, कंपनीचा पार्ट चांगलाच, पण माझं ऐक. माझ्या गाडीत लोकल थर्मोस्टॅट होता. दर रविवारी रोह्याहून पेणला निघालो की वाटेत गडब गावाला इंजिन तापणार म्हणजे तापणारच! तिथं माझी आत्या एकटी राहते. गाडी थंड होईस्तोवर तिच्याकडे चहा, गप्पा. निघताना रेडिएटरला पाणीही तीच द्यायची.

शेवटी मेकॅनिकनं विचारलं, "परत लोकल टाकू की कंपनीचा?"

"कंपनीचाच टाक. कटकट नको."

गाडी झकास झाली. दोन महिने न थांबता थेट पेण. मग आत्याचा फोन आला.

"गाडी इकलीस काय रं?"

"नाय गो आत्या. आता तापत नाय."

"बरं झालं. मग रविवारी ओट्यावर बादली भरून ठेवते, ती आता नको ना ठेवू?"